जावक क्रमांक

शासकीय कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक पडतो. पत्र कोणी लिहिले, कशासाठी लिहिले, त्यात काही गोपनीय आहे काय, याच्याशी जावक बारनिशी सांभाळणाऱ्या लिपिकाला कर्तव्य नसते. आलेल्या पत्रावर पुढचा क्रमांक घालायचा, नोंद करायची आणि पाकीट टपालात द्यायचे. ही पद्धत साधी आहे आणि उपयोगाचीही आहे. दहा वर्षांपूर्वीचे पत्र तिच्यामुळेच सापडते. मात्र क्रमाने क्रमांक घालण्याची हीच शिस्त एखाद्या जागी सुरक्षिततेवर कशी उलटते, हे मला २००८ साली संगणकांच्या संदर्भात पाहायला मिळाले. त्या वेळी माझी नेमणूक महाराष्ट्राबाहेरच्या एका राज्यात होती आणि माहिती तंत्रज्ञानाचा विषय माझ्याकडे होता. प्रश्न वरवर तांत्रिक होता, पण त्यातून प्रशासनाविषयी जे समजले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आधी तांत्रिक भाग समजून घेऊ.

महाजालावर प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नाव सांगितले की आकड्यांचा पत्ता सांगणारी एक यंत्रणा लागते. तिचे नाव डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस. पूर्वी सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत असत आणि ती यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले तशी ही यादी अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिच्या जागी विकेंद्रित रचना मांडली. तिच्यात सर्वांत वर मूळ सर्व्हर असतात. त्यांना फक्त पुढच्या पायरीची माहिती असते. खालच्या पायरीवर देशांची व विषयांची नावे, त्याखाली संस्थांची नावे. राज्य, जिल्हा, तालुका अशी आपली उतरंड असते, तशीच ही आहे. प्रत्येकाने आपल्या हद्दीपुरते उत्तर द्यायचे आणि पुढच्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवायचे.

आपल्या कार्यालयातील संगणक हा सगळा प्रवास स्वतः करीत नाही. तो कार्यालयाच्या एका सर्व्हरला विचारतो आणि तो सर्व्हर बाहेर चौकशी करून उत्तर आणतो. आणलेले उत्तर तो काही काळ स्वतःजवळ जपून ठेवतो, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा आला तर धावपळ नको. या साठ्याला कॅश म्हणतात. साठ्यात खोटे उत्तर शिरले, तर त्या कार्यालयातील प्रत्येक माणूस ठरावीक मुदतीपर्यंत खोट्या पत्त्यावर जात राहील. नाव बरोबर टाइप केलेले असेल, पडद्यावर नावही बरोबर दिसेल, पण पलीकडे बसलेला माणूस दुसराच असेल. याला कॅश पॉयझनिंग म्हणतात.

खोटे उत्तर ओळखायचे कसे? मूळ रचनेत त्यासाठी एक छोटी खूण होती. प्रश्न पाठवताना सर्व्हर त्याच्यावर शून्यापासून ६५,५३५ पर्यंतचा एक आकडा घालतो आणि उत्तरावर तोच आकडा असेल तरच ते स्वीकारतो. प्रेषकाचा पत्ता मात्र पाकिटावर कोणीही खोटा लिहू शकतो. म्हणजे ६५,५३६ पैकी एक आकडा अचूक ओळखून खऱ्या उत्तराच्या आधी खोटे उत्तर पोचवले, की काम झाले. हा धोका जाणकारांना ठाऊक होता. परंतु एक प्रयत्न फसला की खरे उत्तर साठ्यात जाते आणि त्याची मुदत संपेपर्यंत दुसरी संधी मिळत नाही, अशी समजूत होती.

डॅन कॅमिन्स्की या अमेरिकी तज्ज्ञाने २००८ च्या आरंभी ही समजूत खोटी ठरवली. त्याची युक्ती ऐकायला अगदी सोपी आहे. एखाद्या बँकेचे मुख्य नाव विचारायचेच नाही. त्या नावाच्या पोटातली अस्तित्वात नसलेली नावे एकामागून एक विचारायची. प्रत्येक नाव नवे, म्हणून साठ्यात नाही, म्हणून प्रत्येक वेळी नवी शर्यत. कधीतरी आकडा जुळतो. जुळलेल्या खोट्या उत्तरातच आणखी एक ओळ घालायची: या सर्व नावांची चौकशी यापुढे अमुक पत्त्यावर करावी. एका क्षुल्लक नावाच्या आडून संपूर्ण क्षेत्राची मालकी हातात येते. मुदतीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. काम काही सेकंदांत वा मिनिटांत होऊ शकते.

पुढे जे घडले ते प्रशासकाने अभ्यासावे असे आहे. ३१ मार्च २००८ रोजी रेडमंड येथे मायक्रोसॉफ्टच्या आवारात १६ तज्ज्ञ एकत्र बसले. त्यांच्यात परस्परांच्या स्पर्धक कंपन्यांची माणसे होती. दोष एका कंपनीच्या मालात नव्हता, रचनेतच होता. तेव्हा दुरुस्ती सर्वांनी एकाच दिवशी जाहीर करावी असे ठरले. तीन महिन्यांहून अधिक काळ गुप्तता पाळली गेली आणि ८ जुलै २००८ रोजी सर्वांच्या दुरुस्त्या एकदम बाहेर आल्या. दोषाचा तपशील ऑगस्टमधील परिषदेपर्यंत उघड होऊ नये अशी कॅमिन्स्कीची इच्छा होती, पण २१ जुलैलाच तो फुटला आणि दोन दिवसांत हल्ल्याची तयार साधने उपलब्ध झाली.

दुरुस्ती काय होती? सर्व्हर बाहेर जो प्रश्न पाठवतो, तो ज्या दरवाजाने बाहेर पडतो त्यालाही क्रमांक असतो. त्यास पोर्ट म्हणतात. पूर्वी अनेक सर्व्हर एकच ठरलेले पोर्ट वापरीत. आता प्रत्येक प्रश्नासाठी वेगळे, यदृच्छेने निवडलेले पोर्ट वापरायचे असे ठरले. त्यामुळे हल्लेखोराला दोन्ही आकडे एकाच वेळी ओळखावे लागतात आणि ६५,५३६ शक्यतांऐवजी काही अब्ज शक्यता पुढे येतात. हा उपाय डॅन बर्नस्टाइन या गणितज्ञाने कित्येक वर्षे आधी सुचवला होता आणि स्वतःच्या प्रणालीत वापरलाही होता. कॅमिन्स्कीने त्याचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले. योग्य सूचना दप्तरात पडून राहते आणि आपत्ती आली की सापडते, हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. महाजालावरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत आणि ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकातच दिसू लागले होते. म्हणून १९९४ मध्ये नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजेच नॅट, ही पद्धत लेखी मांडली गेली. कार्यालयातील शेकडो संगणकांनी बाहेरच्या जगाला एकच पत्ता दाखवायचा. दारातल्या यंत्राने कोणाचे पत्र कोणाकडे द्यायचे याची नोंदवही ठेवायची. हा अल्पकालीन उपाय आहे, असे त्या दस्तऐवजात म्हटले होते. तात्पुरत्या उपायांचे आयुष्य किती असते, हे सरकारी नोकरीत दिवस काढलेल्या कोणालाही सांगायला नको.

आतल्या दोन संगणकांनी योगायोगाने एकच पोर्ट निवडले तर नोंदवहीत घोटाळा होईल, म्हणून दारातले यंत्र बाहेर जाणाऱ्या पाकिटाचे पोर्ट बदलून आपल्या सोयीचे पोर्ट घालते. कोणते घालते? त्या काळातील अनेक यंत्रे सरळ पुढचा क्रमांक घालीत. सर्व्हरने काळजीपूर्वक, कोणालाही अंदाज येणार नाही असा आकडा निवडलेला असे. जावक टेबलावर तो आकडा खोडला जाई आणि त्याजागी २०४१, नंतर २०४२, नंतर २०४३ लिहिले जाई. हल्लेखोराने स्वतःच्याच एखाद्या नावाची चौकशी त्या सर्व्हरकरवी करवून घेतली की सध्याचा क्रमांक कोणता हे त्याला आपल्या दारात आलेल्या पाकिटावर वाचता येते. पुढचा कोणता, हे शाळकरी मूलही सांगेल. सर्व्हर दुरुस्त झालेला, तरी तो दुरुस्तीपूर्वी होता तिथेच परत.

यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. यंत्र बनवणाऱ्याने मानकाचा भंग केला नव्हता. पोर्ट यदृच्छेने निवडावे असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, कारण त्या आकड्यात कधी काळी सुरक्षितता साठवली जाईल ही कल्पनाच नव्हती. एका टेबलाने ज्या आकड्याला गुपित मानले, तो दुसऱ्या टेबलाला निव्वळ क्रमांक वाटला.

आमच्या राज्यात त्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्व कार्यालयांना सूचना गेली की आपापले नावे शोधणारे सर्व्हर अद्ययावत करून अनुपालन अहवाल पाठवावा. अहवाल लवकर आले. एकूण तक्ता तयार झाला आणि त्यात प्रत्येक कार्यालयापुढे ‘पूर्ण’ असा शेरा होता. तक्ता वर पाठवण्यासाठी माझ्यासमोर आला, तेव्हा त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती. एका मोठ्या कार्यालयात कंत्राटावर काम करणाऱ्या तरुण अभियंत्याने ती लिहिली होती. मजकूर एवढाच: ‘सर्व्हरची दुरुस्ती झाली आहे. बाहेरून चाचणी घेतली असता निकाल निकृष्ट येतो. कारण फायरवॉल.’

मी त्याला बोलावून घेतले. त्याने एका कागदावर दोन स्तंभ आखून आणले होते. डावीकडे सर्व्हरमधून निघताना दिसलेले पोर्ट क्रमांक, उजवीकडे तेच प्रश्न बाहेरच्या चाचणी केंद्रावर पोचले तेव्हा दिसलेले क्रमांक. डावीकडचे आकडे अस्ताव्यस्त, उजवीकडचे एकाखाली एक ओळीत उभे. तंत्रज्ञान न समजणाऱ्यालाही तो कागद समजला असता. तो म्हणाला, ‘‘साहेब, अहवालात खोटे काही लिहिलेले नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर खरे आहे.’’

त्याचे म्हणणे शब्दशः बरोबर होते. सूचनेत ‘सर्व्हर अद्ययावत करावा’ असे होते. ‘बाहेरून पाहता सुरक्षित दिसावा’ असे नव्हते.

त्यानंतरची बैठक मला अजून तपशीलवार आठवते. सर्व्हर सांभाळणाऱ्या शाखेने दुरुस्तीचा दाखला पुढे ठेवला आणि आमचे काम संपले असे सांगितले. फायरवॉल पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या प्रतिनिधीने करारपत्र उघडले. यंत्र करारातल्या वर्णनाप्रमाणे चालते आहे, बदल हवा असल्यास स्वतंत्र मागणीपत्र द्यावे, असे त्याचे म्हणणे पडले. जाळे सांभाळणारी शाखा म्हणाली की नॅट हे सुरक्षिततेसाठीच बसवले आहे, आतले संगणक त्यामुळे बाहेरून दिसत नाहीत, ते काढण्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही. तिघांचेही बोलणे आपापल्या चौकटीत योग्य होते, आणि तरीही कार्यालय असुरक्षित होते.

सर्वांत अवघड आक्षेप निराळाच होता. एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, ‘‘सर्व कार्यालयांचे ‘पूर्ण’ आले आहे. आता आपण ‘अपूर्ण’ लिहिले, तर आधी ‘पूर्ण’ लिहिणाऱ्यांची चौकशी लागेल. त्यांनी तर प्रामाणिकपणे काम केले. त्यांना कशाला अडकवायचे?’’ प्रश्न दुष्टपणाचा नव्हता. हाताखालच्या माणसांची काळजी त्यामागे होती. पण त्या कार्यालयातून कोषागाराची देयके जात, निवृत्तिवेतनाची माहिती जात, दूरच्या जिल्ह्यांतील कर्मचारी तिथूनच महाजालावर येत. त्या काळी बहुतेक शासकीय संकेतस्थळे साध्या, न सांकेतिक केलेल्या रूपात चालत. नाव चुकीच्या पत्त्यावर गेले, तर संगणक कोणतीही धोक्याची सूचना देणार नव्हता. कर्मचाऱ्यांचे परवलीचे शब्द अनोळखी माणसाच्या हाती गेले असते आणि मागाहून ठपका ज्याच्या नावाचे खाते त्याच्यावर आला असता. म्हणजे अहवाल लिहिणाऱ्यांना वाचवताना आपण ज्यांचा आवाज त्या बैठकीत नव्हता, अशा माणसांना अडकवीत होतो.

शेवटी दोन निर्णय झाले. पहिला तांत्रिक: नावे शोधणाऱ्या सर्व्हरला स्वतंत्र बाहेरचा पत्ता द्यावा आणि त्याच्या पाकिटांचे पोर्ट दारात बदलू नये, तसेच त्याने फक्त आपल्या आतल्या संगणकांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. नॅट बाकी सर्वांसाठी तसेच राहिले. खर्च जवळजवळ शून्य होता. दुसरा निर्णय कागदाचा: अनुपालनाच्या नमुन्यातील ‘पूर्ण / अपूर्ण’ हा रकाना काढून त्याजागी तीन रकाने घातले: बाहेरून घेतलेल्या चाचणीचा निकाल, चाचणीची तारीख, चाचणी घेणाऱ्याचे नाव व पद. जुने अहवाल सदोष ठरवले नाहीत. सूचना अपुरी होती, असे टिपणीत नमूद करून सुधारित सूचना काढली. चौकशी कोणाचीच लागली नाही. नव्या नमुन्यात जे अहवाल आले त्यांत आणखी काही कार्यालयांचे निकाल निकृष्ट निघाले, आणि ते एकेक करून दुरुस्त झाले. चिठ्ठी लिहिणाऱ्या तरुणाचे नाव टिपणीत घेतले. कंत्राटी माणसाचे नाव नस्तीत येणे ही फार मोठी गोष्ट नव्हे, पण त्याच्या परीने ती मोठी होती.

या प्रसंगातून मला तीन गोष्टी उमगल्या.

पहिली, सुरक्षितता ही एखाद्या टेबलाची मालमत्ता नसते. ती संपूर्ण मार्गाची असते. म्हणून तपासणी मार्गाच्या शेवटच्या टोकाला उभे राहून करावी. धान्य गोदामातून किती निघाले याची नोंद आपल्याकडे उत्तम असते. ते शिधापत्रिकाधारकाच्या पिशवीत किती पडले, हे दुकानासमोर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरी, दोन विभागांमधली जागा ही कोणाच्याच कार्यसूचीत नसते. कामाची वाटणी करणारा आदेश काढताना आपण प्रत्येकाची हद्द आखतो. त्या हद्दी एकमेकींना भिडतात का, हे पाहण्याचे काम कोणाला देत नाही. ते काम पदसोपानात एक पायरी वर असलेल्या अधिकाऱ्याचे असते आणि ते त्याने स्वतःहून घ्यावे लागते.

तिसरी, खालचा माणूस लिहितो ती चिठ्ठी वरपर्यंत पोचली पाहिजे. त्या तक्त्याला चिठ्ठी टाचून पुढे पाठवणारा एक अवर सचिव होता. त्याने ती काढून ठेवली असती, तरी नियमाचा भंग झाला नसता.

२००८ नंतर बरेच काही बदलले आहे. पोर्ट यदृच्छेने निवडावे व नॅटनेही ती यदृच्छा मोडू नये, हे आता लेखी मार्गदर्शनात आले आहे. उत्तरावर अंकीय स्वाक्षरी असावी ही डीएनएसेक नावाची योजना पुढे सरकली आणि १५ जुलै २०१० पासून मूळ सर्व्हरची माहिती स्वाक्षरीसह मिळू लागली. बहुतेक संकेतस्थळे आता सांकेतिक जोडणीवर चालतात. नव्या, मोठ्या पत्त्यांच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत आहे आणि त्या पत्त्यांना मुळात नॅटची गरज नाही. भारतीय सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवावी लागते.

तरीही दुखणे मुळातून गेलेले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील व चीनमधील संशोधकांनी दाखवले की संगणकाच्या एका निरुपद्रवी वाटणाऱ्या मर्यादेवरून, म्हणजे तो सेकंदाला किती त्रुटिसंदेश पाठवतो यावरून, गुप्त पोर्ट हुडकता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये बाइंड या बहुप्रचलित प्रणालीत यदृच्छ आकडे निवडण्याचीच पद्धत कच्ची असल्याचे जाहीर होऊन दुरुस्ती काढावी लागली. कॅमिन्स्की ही पुढची कथा पाहायला राहिला नाही. एप्रिल २०२१ मध्ये वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी तो गेला.

माझे बरेच वाचक गावापासून शेकडो, काही हजारो मैल दूर राहतात. तलाठ्याच्या कार्यालयात जाऊन बसणे त्यांना शक्य नाही. वडिलांच्या जमिनीचा सातबारा, आईचा हयातीचा दाखला, भावाच्या मुलीचा परीक्षेचा निकाल, हे सारे ते एक नाव टाइप करून पाहतात. समोर आलेले पान खरोखर त्या कार्यालयाचेच आहे, हा त्यांचा विश्वास ज्या साखळीवर उभा आहे तिची प्रत्येक कडी कुठल्यातरी कार्यालयात कोणीतरी सांभाळतो. आपण वाचकाने जोडणीबाबतची धोक्याची सूचना आली असता ती ओलांडून पुढे जाऊ नये आणि महत्त्वाचा कागद शक्यतो अंकीय स्वाक्षरीचा घ्यावा, एवढे आपल्या हाती आहे. बाकीचे काम आम्हा प्रशासनातल्या लोकांचे. आपापल्या टेबलावरचे काम ‘पूर्ण’ झाले असे लिहिण्यापूर्वी एकदा इमारतीच्या बाहेर जावे आणि पाकीट कोणत्या क्रमांकाने पोचते आहे ते पाहावे.